सी प्रोग्रॅममध्ये वॉझमटाइम बसवून वासी मॉड्यूल चालवायची रीत

बाहेरून आलेलं प्लगइन शेअर्ड लायब्ररी म्हणून लोड केलं, की त्यातला एक चुकलेला पॉइंटर तुमची अख्खी प्रोसेस पाडू शकतो. शिवाय तुमच्या प्रोग्रॅमला दिसणाऱ्या सगळ्या फायली त्यालाही दिसतात. तेच प्लगइन वेबअसेम्ब्लीत (बंदिस्त मेमरीत चालणारा बायनरी कोड) कंपाइल करून वॉझमटाइमवर, म्हणजे तो कोड चालवणाऱ्या रनटाइमवर, चालवलं, तर ते स्वतःच्या मेमरीबाहेर हात घालू शकत नाही. फायली, आर्ग्युमेंट, एन्व्हायर्नमेंट, स्क्रीनवर लिहिणं हे सगळं वासीमार्फत (बाहेरच्या जगाशी बोलायचा ठरलेला इंटरफेस), आणि तुम्ही दिलं तरच मिळतं. हे 'देणं' नीट कसं करायचं यातच बहुतेकांचा वेळ जातो, म्हणून भर त्यावरच देतो. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. हेडरमध्ये ती रोमन लिपीत सापडतील.

वॉझमटाइमच्या रिलीझमधून तुमच्या ओएस आणि प्रोसेसरसाठीचं सी-एपीआय पॅकेज घ्या. नुसती कमांड-लाइन असलेलं पॅकेज वेगळं असतं, त्यात हेडर नसतात. लिनक्सवर स्टॅटिक लायब्ररी लिंक करताना पीथ्रेड, डीएल आणि मॅथ या तीन लायब्ररी जोडाव्या लागतात. पॅकेजच्या लिब फोल्डरमध्ये स्टॅटिक आणि शेअर्ड दोन्ही फायली असतात. नुसतं लायब्ररीचं नाव दिलं तर लिंकर शेअर्ड उचलतो, आणि चालवताना 'शेअर्ड ऑब्जेक्ट उघडता येत नाही' अशी एरर येते. सुरुवातीला स्टॅटिक फाइलचा पूर्ण पाथच द्या. गेस्ट प्रोग्रॅम, म्हणजे ते प्लगइन, वासी-एसडीके या टूलकिटमधल्या क्लँग कंपाइलरने, टार्गेट वॉझम३२-वासीपी१ देऊन कंपाइल करा.

होस्टमधला, म्हणजे तुमच्या सी प्रोग्रॅममधला, क्रम असा. वॉझम_इंजिन_न्यू ने इंजिन, त्यावर वॉझमटाइम_स्टोअर_न्यू ने स्टोअर (चालू गेस्टची स्थिती ठेवणारी जागा), आणि स्टोअरमधून कॉन्टेक्स्ट (त्या स्टोअरवर काम करायचा हँडल). मग वॉझमटाइमचा स्वतःचा लिंकर (मॉड्यूलला लागणारी फंक्शनं जोडणारा) बनवून त्यावर वॉझमटाइम_लिंकर_डिफाइन_वासी. हे राहिलं तर मॉड्यूल जोडताना 'अननोन इम्पोर्ट' म्हणून एरर येते आणि पुढे वासी_स्नॅपशॉट_प्रिव्ह्यू१ मधल्या एखाद्या फंक्शनचं नाव दिसतं, बहुधा एफडी_राइट. त्यानंतर वासी_कॉन्फिग_न्यू, त्यात हवं ते भरायचं, आणि वॉझमटाइम_कॉन्टेक्स्ट_सेट_वासी ने ते कॉन्टेक्स्टला द्यायचं. ही पायरी विसरलात तर गेस्टच्या पहिल्याच वासी कॉलला होस्ट प्रोग्रॅम कोसळतो. कॉन्फिग एकदा दिलं की मालकी वॉझमटाइमची. नंतर तुम्ही ते डिलीट केलंत तर डबल-फ्री होईल.

कॉन्फिग रिकामं ठेवलं तर गेस्टला स्टँडर्ड आउटपुटही मिळत नाही. प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो, संपतो, आणि पडद्यावर एक अक्षर येत नाही. वासी_कॉन्फिग_इनहेरिट_एसटीडीआउट बोलावलं की अक्षरं दिसू लागतात. आउटपुट पाइपमध्ये जात असेल तर होस्टचा प्रिंटएफ बफरमध्ये अडकतो आणि गेस्टच्या ओळी आधी उमटतात, म्हणून गेस्टला बोलावण्यापूर्वी एफफ्लश करा.

सर्वांत जास्त घोळ फायलींचा. समजा गेस्टमध्ये /डेटा/नोंदी.सीएसव्ही उघडायला एफओपन आहे आणि फाइल डिस्कवर खरोखर आहे. तरी उत्तर येतं 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. माणूस पाथ तपासत बसतो, पण पाथ बरोबरच असतो. त्या फोल्डरची परवानगी दिलेली नाही, आणि वासी-लिबसीला (गेस्टमधली सी लायब्ररी) तो प्रीओपनच्या, म्हणजे आधीच उघडून दिलेल्या फोल्डरांच्या, यादीत सापडला नाही की ती हीच एरर देते. वासी_कॉन्फिग_प्रीओपन_डिर ला होस्टवरचा पाथ आणि गेस्टला दिसणारा पाथ असे दोन्ही द्यायचे. नव्या आवृत्त्यांत पुढे फोल्डर आणि फाइल यांच्या परवानग्याही द्याव्या लागतात. हे फंक्शन बूलियन परत करतं. होस्टवर फोल्डर नसेल तर फॉल्स येतो, तो तपासला नाही तर पुन्हा तीच फसवी एरर. वाचायलाच हवं असेल तर फक्त वाचायचीच परवानगी द्या. सोय म्हणून मूळ फोल्डर '/' देऊन टाकू नका, मग सँडबॉक्सला अर्थ उरत नाही.

मॉड्यूल कंपाइल झालं की वॉझमटाइम_लिंकर_मॉड्यूल ने रिकाम्या नावाखाली जोडा, वॉझमटाइम_लिंकर_गेट_डीफॉल्ट ने मुख्य फंक्शन मिळवा आणि वॉझमटाइम_फंक_कॉल ने चालवा. इथे एरर आणि ट्रॅप (गेस्टचा कोड मध्येच बंद पडणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही तपासा. गेस्टने एक्झिट बोलावलं तर तेही एरर म्हणूनच येतं, अगदी एक्झिट(०) सुद्धा. म्हणून आधी वॉझमटाइम_एरर_एक्झिट_स्टेटस ला विचारा; ते ट्रू म्हणालं तर तो साधा शेवट आहे, बिघाड नाही. एररचा मजकूर शून्याने संपेल असं धरू नका, आकार देऊनच छापा.

मेन असलेलं मॉड्यूल असं जोडलं, तर प्रत्येक कॉलला नवी इन्स्टन्स (मॉड्यूलची चालू प्रत) तयार होते. ग्लोबल काउंटर प्रत्येक वेळी नव्याने सुरू होतो तो यामुळे. स्थिती टिकवायची असेल तर गेस्ट रिअ‍ॅक्टर (मेनऐवजी पुन्हा पुन्हा बोलावता येणारी फंक्शनं देणारं मॉड्यूल) म्हणून कंपाइल करा. या इन्स्टन्सची मेमरी स्टोअर डिलीट होईपर्यंत सुटत नाही, आणि एका स्टोअरमध्ये डीफॉल्ट मर्यादा १०,००० इन्स्टन्सची आहे. दिवसरात्र चालणाऱ्या सर्व्हरमध्ये दर विनंतीला नवं स्टोअर घ्या. इंजिन आणि मॉड्यूल मात्र एकदाच बनवून सगळ्या थ्रेडमध्ये वापरा, कारण महाग काम कंपाइलचं असतं.

गेस्टशी बफर देवाणघेवाण करताना वॉझमटाइम_मेमरी_डेटा ने मिळालेला पॉइंटर जपून ठेवू नका. गेस्टने मॅलॉक केलं आणि मेमरी वाढली, तर ती दुसरीकडे हलू शकते आणि तुमचा पॉइंटर जुन्या जागी राहतो. मेमरी ६४ केबीच्या पानांनी वाढते, त्यामुळे छोट्या चाचणीत हे उघड होत नाही, मोठी फाइल आली की दिसू शकतं. गेस्टच्या प्रत्येक कॉलनंतर पॉइंटर पुन्हा मागा, आणि गेस्टने दिलेला ऑफसेट अधिक लांबी मेमरीच्या आकारात बसते का ते वाचण्याआधी तपासा. बेरीज ६४ बिटांत करा, ३२ मध्ये ती उलटून तपासणी फसते.

अनंत लूपमध्ये अडकलेलं प्लगइन थांबवायला इंजिन बनवण्यापूर्वीच इंजिनच्या कॉन्फिगमध्ये फ्युएल (गेस्टने किती काम करायचं याचा कोटा) सुरू करा. ते सुरू केलं की नव्या स्टोअरमध्ये फ्युएल शून्य असतं. वॉझमटाइम_कॉन्टेक्स्ट_सेट_फ्युएल ने आकडा भरला नाही तर मॉड्यूल सुरू होता होताच ट्रॅप होतं. मेमरीची कमाल मर्यादा वॉझमटाइम_स्टोअर_लिमिटर ने लावता येते, आणि तीही मॉड्यूल जोडण्यापूर्वीच लावा.