ऑपरेशननंतर गिनी पिगची शुश्रूषा: एका निवृत्त सिस्टरची वही

चौतीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली. पोटाची ऑपरेशनं झालेले किती पेशंट सांभाळले याचा हिशेब नाही. तरी जानेवारीत नातीच्या गिनी पिगचं ऑपरेशन झालं, तेव्हा माझ्या हाताला लागलेलं वळण या पेशंटला उलटं पडणार हे पहिल्याच दिवशी कळलं. माणसाला आपण आदल्या रात्रीपासून एनबीएम, म्हणजे तोंडाने काहीही न देता, ठेवतो आणि ऑपरेशननंतर ‘गॅस सुटला का?’ विचारत चमचाचमचा पाणी सुरू करतो. गिनी पिगला उपास चालतच नाही, ना आधी ना नंतर. त्याला उलटी होत नाही, त्यामुळे भुलीत उलटी छातीत जाण्याची ती आपली भीती इथे नाही. उलट चारा आत जायचा थांबला की आतडं मंदावतं, पोटात गॅस धरतो, आणि नीट झालेलं ऑपरेशनही हातचं जातं.

पेशंटचं नाव बुंदी. मादी, वय साडेतीन वर्षं, वजन ९४० ग्रॅम. लघवी करताना चीं करून ओरडायची आणि कापडावर लालसर डाग पडायचा. एक्स-रेमध्ये मूत्राशयात हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा दिसला. या जनावरांना कॅल्शियमचे खडे होतात आणि मादीत एवढा खडा आपोआप पडेलच असं नसतं, म्हणून पोट उघडावं लागलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, “उंदराचं ऑपरेशन?” मी म्हटलं, “हो, आणि रात्रपाळीला मी आहे.”

ऑपरेशनला नेण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: घरी कधी सोडणार, दुखणं कमी करायचं औषध किती दिवस चालणार आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा. तिचं रोजचं गवत आणि कोथिंबिरीची जुडी डब्यात घालून सोबत द्या. बुंदीने भुलीतून उठल्यावर तासाभरात कोथिंबिरीची दोन पानं ओढली, ती अनोळखी ठिकाणी ओळखीचा वास होता म्हणूनच, असं मला वाटतं.

घरी खोली आधीच तयार ठेवा. लाकडाचा भुसा काढून टाका, तो टाक्यांना चिकटतो. गिनी पिगचं पोट जमिनीला जवळजवळ टेकलेलंच असतं, म्हणजे जखम आणि अंथरूण यात बोटभरही अंतर नाही. मी जुन्या सुती साडीच्या घड्या घातल्या आणि सगळ्यात वर पांढरी चादर फाडून टाकली. पांढरीच का? लघवीचा रंग दिसावा म्हणून. पहिले दोन दिवस फिकट गुलाबी डाग पडले, डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. पण जनावर कुंथतंय आणि थेंबही येत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका, तसेच निघा. कापडाचे सुटे दोरे आधी कापून टाका, पायाच्या बोटाला गुंडाळले गेले तर बोट काळं पडतं. थंडी होती म्हणून गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवली, पण पिंजऱ्याच्या एकाच बाजूला. उकडलं तर तिला सरकून बसता आलं पाहिजे.

आता भरवणं. सगळी मदार इथे आहे.

डॉक्टरांनी आजारी तृणभक्षी प्राण्यांसाठीची पूड दिली होती. ती कोमट पाण्यात कालवून पातळ पिठल्यासारखी करायची. पूड संपली तेव्हा तिच्या रोजच्याच खाद्याच्या कांड्या भिजवून मिक्सरमध्ये वाटल्या आणि गाळून घेतल्या. मिक्सरचं भांडं मात्र चटणीचं नको, मिरचीचा वास कितीही घासला तरी जात नाही. एक मिलीची सिरिंज घ्या, तिचं टोक ब्लेडने सरळ कापा आणि कापलेली कड नखं घासायच्या कानशीने गुळगुळीत करा. हे विसरलात तर हिरडी कापेल.

बाळाला दुपट्यात गुंडाळतो तसं तिला गुंडाळा, तोंड बाहेर, पुढचे पाय आत. पोटावर दाब येऊ देऊ नका. उताणं तर कधीच करू नका, घास श्वासनळीत जातो. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून बाजूने सिरिंज आत सरकवा. पाव-अर्धा मिली सोडा आणि थांबा. जबडा आडवा फिरताना दिसला, गिळलं, की मग पुढचं. माझी पहिली सिरिंज अख्खी तिच्या हनुवटीवर आणि माझ्या स्वेटरवर गेली. एकेका वेळेला आठ ते दहा मिली, दर तीन-साडेतीन तासांनी, रात्रीसुद्धा. दिवसाला साधारण साठ मिली पोटात गेलं पाहिजे, असं तिच्या वजनावरून डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. तुमच्या पेशंटचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. दर वेळी हनुवटी ओल्या फडक्याने पुसा, वाळलेल्या खाण्याखाली कातडी सोलवटते. समोर गवत आणि पाणी कायम असू द्या. भरवणं हे तिने स्वतः खाण्याच्या जोडीला आहे, त्याऐवजी नाही.

माझी चूक इथेच झाली, तीही अनुभवाच्या जोरावर. दुसऱ्या रात्री दुखण्याच्या औषधाची, मेलॉक्सिकॅमची, वेळ झाली होती. बुंदीने संध्याकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ‘उपाशीपोटी पेनकिलर द्यायची नाही’ हे हाडीमाशी खिळलेलं, म्हणून मी डोस ठेवून दिला. पहाटे बघते तर अंग फुगवून, पाठ वर काढून कोपऱ्यात बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, दात करकरतायत. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “सिस्टर, ती खात नाही म्हणून दुखत नाहीये. दुखतंय म्हणून खात नाहीये. आत्ता द्या.” दिला. पाऊण तासाने तिने गवताची काडी तोंडात धरली. तेव्हापासून घड्याळ लावून औषध. पण फक्त लिहून दिलेलं, लिहून दिल्याएवढंच. आपल्या घरातली तापाची-दुखण्याची गोळी तुकडा करून देऊ नका.

अँटिबायोटिकचं तर त्याहून जपून. चिठ्ठीवरचं औषध जवळच्या औषधवाल्याकडे नव्हतं. तो म्हणाला, “लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप न्या की, सौम्य असतं.” माणसाच्या पोराला सौम्य असेल. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं गिनी पिगच्या तोंडावाटे गेली तर पोटातले चांगले जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि काही दिवसांत जनावर दगावतं. क्लिंडामायसिनचंही तेच. चिठ्ठीत असेल तेच घ्या, नसेल तर दुसरं दुकान.

जखमेला रोज दोनदा फक्त बघायचं. कड कोरडी आहे ना, सूज, लाली, पू, वास काही नाही ना. हळद लावू नका, डेटॉल लावू नका, ती चाटते. गळ्यात कॉलर घालायची का हे डॉक्टरांना विचारा. गिनी पिग स्वतःच्या मऊ लेंड्या मागे वळून खातं, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात, कॉलरने तेही बंद पडतं. बुंदीने टाक्यांना तोंड लावलं नाही, म्हणून आम्ही घातली नाही. आमच्या सुनेने प्रेमाने दही पुढे केलं होतं, पोटातल्या जंतूंसाठी. ते मीच खाल्लं. हे प्राणी दूध-दही पचवणारे नव्हेत.

वॉर्डातली एक सवय मात्र इथे जशीच्या तशी चालली: चार्ट. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, त्यावर स्टीलचा डबा, रोज सकाळी सात वाजता, भरवण्याआधी. ९४०, मग ९१२, ८८९, ८७८. मी ८४६ वर लाल रेघ मारून ठेवली होती, दहा टक्के गेले की गाडी काढायची असं ठरवून. चौथ्या दिवशी ८८४ आला आणि मी नातीला झोपेतून उठवून काटा दाखवला. वजनाशेजारी लेंड्या मोजा, लाजू नका. पहिल्या दिवशी सात, तांदळाच्या दाण्याएवढ्या आणि कोरड्या. पाचव्या दिवशी मोजणं सोडून दिलं इतक्या झाल्या, लांबट, एकसारख्या. बारा तास एकही दिसली नाही किंवा पोट डमरूसारखं ताठ लागलं, तर तोही त्याच वेळी निघण्याचा प्रसंग.

क जीवनसत्त्व हे जनावर आपल्यासारखंच अंगात तयार करू शकत नाही, आणि ते कमी असलं तर जखम भरत नाही. आजारपणात डॉक्टरांनी थेंब दिले होते. पिण्याच्या पाण्यात मिसळू नका, काही तासांत त्याचा जोर जातो आणि चव बदलली म्हणून ती पाणीच सोडते. खायला लागल्यावर रोज ढोबळी मिरचीची फोड. पेरूचे दिवस होते, तेव्हा अधूनमधून बोटाच्या पेराएवढा पेरू, बिया काढून. गवतात आमच्याकडे दूर्वा पहिल्या नंबरला, गणपतीच्या आधी बुंदीला. लसूणघास आणि पालक बंद केले. दोन्हींबद्दल खडे झालेल्या जनावराच्या बाबतीत डॉक्टर नाहीच म्हणाले. पाला धुऊन ओलाच द्यायचा, तेवढंच जास्त पाणी पोटात जातं.

तिची जोडीदारीण चकली. दोघींना एकत्र ठेवलं तर अंगावरून उड्या पडणार, लांब ठेवलं तर दोघी झुरणार. मधे ओव्हनची जाळी उभी केली. चकली दिवसभर जाळीला नाक लावून बसायची, आणि तिकडे कुरकुर चावल्याचा आवाज आला की इकडे बुंदीही तोंड हलवायची. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी टाके बघून जाळी काढायला सांगितलं.

तेविसाव्या दिवशी काट्यावर ९३६. आता दर रविवारी दोघींचं वजन होतं. बुंदी डब्यात मुकाट बसते. चकलीला काटा मान्य नाही, तिचा आकडा डबा स्थिर असतो त्या दोन सेकंदांत टिपावा लागतो.