दाढीच्या साबणाला दाट फेस कसा आणावा

ट्यूबमधलं क्रीम सोडून दाढीच्या गोल वडीकडे वळलेले बरेच जण आठवड्याभरात वैतागतात. ब्रश घासघास घासला, फेसही आला, पण एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा विरून गेला. मग दोष साबणाला. माझंही तेच झालं. मुंबईत भरभरून फेस देणारी वडी मराठवाड्यात बदली झाल्यावर एकदम रुसली. डुप्लिकेट माल समजून मी ती फेकली, दुसरी आणली, तिची तीच तऱ्हा. शेवटी गल्लीतल्या सलूनवाल्या काकांनी विचारलं, "पाणी कुठलं घेता?" घेत होतो बोअरचं.

म्हणून आधी पाणी बघा. जुन्या पाठ्यपुस्तकांत अशा जड पाण्याला 'दुष्फेन' म्हणत. नावातच तक्रार आहे. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते साबणातल्या मेदाम्लांशी जुळून न विरघळणारा चोथा करतात. बादलीच्या काठाला बसणारा पांढुरका, चिकट थर तो हाच. साबणाचा बराचसा भाग या चोथ्यात गेला की फेसासाठी उरतं काय? मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा अशा जलाशयांचं, म्हणजे मुळात पावसाचं हलकं पाणी येतं. तिथे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

घरचं पाणी तपासायला दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत नळाचं, दुसरीत आरओचं पाणी अर्ध्यापर्यंत भरा, दोन्हींत नखाएवढा साबण किसून टाका आणि झाकण लावून पंधरा वेळा हलवा. जड पाण्याच्या बाटलीत फेस कमी दिसेल, पाणी गढूळ होईल आणि वर कण तरंगतील. उपाय स्वस्त आहे. एका दाढीच्या फेसाला कपभर पाणी पुष्कळ होतं, ते पिण्याच्या आरओ फिल्टरचं घ्या. पावसाळ्यात पागोळीचं धरलंत तर उत्तमच. उकळल्याने जडपणा थोडा उतरतो, सगळा नाही. तोंड धुवायला मात्र नळाचं पाणी चालतं.

साबण दाढीचाच हवा, अंगाचा नको. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण जास्त ठेवतात, त्यामुळे बुडबुडे बारीक होतात आणि टिकतात. खोबरेल तेलाच्या साबणाला फेस चटकन येतो, मोठाही येतो, पण तितक्याच चटकन बसतो.

आता कृती. दाढी आंघोळीनंतर करा, किंवा कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजवा. केस पाणी पितो, फुगतो आणि मऊ पडतो. ही दोन मिनिटं वाचवून पुढे काहीच वाचत नाही.

तोवर ब्रश तयार करा. नायलॉनचा असेल तर नुसता ओला केला तरी पुरे, तो पाणी फारसं शोषत नाही. डुकराच्या केसांचा असेल तर चार-पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, नाहीतर चेहऱ्यावर फिरवताना तोच फेसातलं पाणी ओढून घेतो. उकळतं पाणी कुठल्याच ब्रशला नको. वडीवरही चमचाभर पाणी सोडून ठेवा, म्हणजे वरचा थर नरम होतो.

मग वडीवरचं पाणी ओता आणि ब्रश दोनदा झटका. ओला हवा, पण गळता नको. वडीवर हलक्या दाबाने गोल फिरवायला लागा. इथे जवळजवळ सगळे हात आखडता घेतात. पाच-सहा वेढ्यांत वर फेस दिसतो आणि माणूस थांबतो. थांबू नका, घड्याळ लावून अर्धा मिनिट फिरवा. सुरुवातीचे मोठे बुडबुडे मोडतील आणि ब्रशच्या टोकांना टूथपेस्टसारखा घट्ट, चिकट साबण दिसेल. ब्रश उचलताना वडी सोबत उचलल्यासारखी वाटली, की साबण पुरेसा आला.

यापुढे वाटीत घोळा किंवा थेट गालावर. मी गालावरच करतो, सलूनमध्येही तसंच करतात. नवख्याने मात्र वाटी घ्यावी, फेस डोळ्यांसमोर बदलताना दिसतो. पाणी एकदम घालू नका. ब्रशची फक्त टोकं पाण्यात बुडवा, वीस-पंचवीस वेढे द्या, परत टोकं बुडवा. असं चार-पाच वेळा, एकूण दीड-दोन मिनिटं. ब्रश दाबून रगडू नका, नाहीतर फेस ब्रशच्या केसांच्या मुळाशी जाऊन बसतो.

केव्हा थांबायचं? माझं माप स्वयंपाकघरातलं आहे. फेस चक्क्यासारखा कोरडा, घट्ट आणि निस्तेज असेल तर पाणी कमी आहे. वस्तरा किंवा रेझर त्यात अडखळतो. श्रीखंडासारखा तुकतुकीत झाला, ब्रश उचलल्यावर शेंडा उभा राहून किंचित वाकला, की जमलं. ताकासारखा ओघळायला लागला तर पाणी जास्त झालं. तो टाकू नका, ब्रश परत दहा-बारा वेळा वडीवर फिरवून आणा. आणि भांडी घासताना येतो तसा मोठ्या बुडबुड्यांचा असेल तर साबणच कमी पडलाय. खात्रीसाठी चिमूटभर फेस अंगठा आणि तर्जनीत चोळा. बोटं सुळकन घसरली पाहिजेत. नुसता दाट दिसणारा पण न घसरणारा फेस बिनकामाचा, आणि पाणी घालायला घाबरणाऱ्यांचा फेस हमखास तसाच होतो.

लावताना आधी गोल, केसांच्या उलट दिशेनेही फिरवा, म्हणजे फेस केसांच्या बुडाशी जातो. शेवटी रंग दिल्यासारखे वर-खाली सरळ फटकारे. दुसरा हात मारायचा असेल तर ब्रशमध्ये उरलेला फेसच पुरतो, नवा करायची गरज नाही. तुरटी मात्र दाढी संपल्यावरच फिरवा, आणि ती फेसाच्या पाण्यात बुडवू नका. तुरटीतलं अॅल्युमिनियमही साबणाचा चोथाच करतं.

ब्रश धुताना मुळाशी साबण राहू देऊ नका. झटकून उघड्यावर वाळवा. जड पाण्याने जुना ब्रश कडक झाला असेल तर कपभर कोमट पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून त्यात दहा मिनिटं ठेवा आणि स्वच्छ धुवा. वडीही वाळेपर्यंत डबीचं झाकण लावू नका. ओली झाकलेली वडी लगदा होऊन निम्म्या दिवसांत संपते.