गाईड डॉग आणण्याआधी हे पक्कं करा

बँक किंवा एसटी स्टँड कुठे आहे, हे गाईड डॉगला, म्हणजे अंध माणसाला रस्त्याने नेणाऱ्या शिकवलेल्या कुत्र्याला, आपणहून कळत नसतं. कुठे वळायचं ते माणसाने सांगायचं. कुत्र्याचं काम अडथळा चुकवण्याचं आणि पायरी-गटाराच्या कडेशी थांबण्याचं. म्हणून दृष्टी गेल्यावर आधी पांढरी काठी शिका. काठी उभी धरली की छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी. टोक खांद्यांपेक्षा किंचित रुंद फिरवा. डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे. घर ते किराणा, घर ते स्टँड हे रस्ते काठीवर पक्के झाले की मग कुत्र्याचं बघा.

काठीला कमरेच्या वरचं कळत नाही. दुकानाचा पुढे आलेला पत्रा, उभ्या ट्रॉलीतून बाहेर डोकावणारा ऊस: काठी खालून निघून जाते आणि कपाळ आपटतं. शिकलेला कुत्रा माणसाच्या उंचीचा हिशेब धरून वळसा घालतो. मोठा फरक पडतो तो इथे.

हार्नेसचा, म्हणजे कुत्र्याच्या अंगावरच्या पट्ट्याचा, दांडा डाव्या हातात सैल धरा. मूठ आवळली की त्याचं वळणं जाणवत नाही. तो थांबला तर ढकलू नका, पायाने चाचपा. गटार, पायरी, काय आहे ते कळल्यावर पुढे जायचा हुकूम द्या. तरीही हलला नाही, तर समोर धोका आहे असंच धरा. हुकूम मात्र शिकवलेल्या शब्दातच, घरातल्या चौघांचे चार शब्द नकोत. सिग्नल त्याला वाचता येत नाही. जळगावच्या अजिंठा चौफुलीसारख्या ठिकाणी गाड्यांचा आवाज ऐकून निर्णय तुमचाच. खुशाल कुणाची तरी मदत घ्या.

असा कुत्रा तयार व्हायला साधारण दीड-दोन वर्षं लागतात आणि भारतात ते काम करणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत. पिल्लं विकणारा ‘ट्रेन्ड लॅब्रॅडोर आहे, भाऊ’ म्हणाला, तरी त्याच्या भरवशावर रस्ता ओलांडू नका.

खान्देशात खरी अडचण उन्हाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो, डांबर त्याहून तापतं. तळहाताची मागची बाजू डांबरावर ७ सेकंद टेकवून बघा. सोसवत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील. उन्हाळ्यात फिरणं सकाळी ८ च्या आत, नाहीतर रात्री रस्ता निवल्यावर. दुपारी काठीच बरी. गल्लीतली भटकी कुत्री अंगावर येतात, त्या वाटेला पहिले काही दिवस डोळस माणूस सोबत ठेवा. रेबीजची लस चुकवू नका.

रोज संध्याकाळी कानामागे, काखेत आणि बोटांच्या बेचक्यात बोटं फिरवा. मुगाएवढी गाठ हाताला लागली तर गोचीड असू शकते. घरच्यांकडून खात्री करून घ्या, कारण चामखीळही तशीच लागते. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल लावायचं नाही, बोटांनी चिरडायची नाही.

पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा: हार्नेस असताना हात लावायचा नाही, बिस्कीट द्यायचं नाही. आणि भरीत कितीही कौतुकाने पुढे केलं तरी नको. त्यातल्या कांदापातीने आणि लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.