पावसाचं गणित शाळेच्या अंगणात

सातारा जिल्ह्यातल्या शिक्षकांना पर्जन्यमानाचा धडा शिकवायला पुस्तक उघडायचीही गरज नाही. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण तालुक्यात जेमतेम ५००च्या आसपास. मुलांना हे नुसतं सांगू नका, मोजायला लावा.

सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घ्या. निमुळता भाग सुरू होतो तिथे कापा आणि तो तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवा. बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असतो, म्हणून आत चार खडे टाकून, ते बुडून वरचा सरळ भाग लागेल इतकं पाणी भरा. त्या पातळीवर रेघ मारा, तो शून्य. तिथून वर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा करा. झाड किंवा पत्र्याच्या पागोळ्या नसतील अशा मोकळ्या जागी, विटांच्या आधाराने ठेवा. रोज सकाळी साडेआठला नोंद, मग पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. नोंदीची पाळी मुलांनाच द्या, आणि कोरड्या दिवशीही ‘०’ लिहायचाच!

खरी मजा पुढे आहे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. शाळेचं छप्पर १०० चौरस मीटर असेल, तर १० मिलिमीटरच्या सरीत त्यावर १००० लिटर पाणी पडतं. हा आकडा मुलांनाच काढू द्या. टँकरची वाट पाहिलेल्या माणच्या पोराला तो वेगळा समजवावा लागत नाही. जमलं तर जिल्ह्याच्याच जास्त पावसाच्या जावळी तालुक्यातल्या एखाद्या शाळेशी व्हॉट्सॲपवर रोजचे आकडे ताडून पाहा.