बर्फ पडायची वाट बघू नका : स्पोर्ट्स कारला हिवाळी चाकं-टायर घेताना या चुका टाळा

गेल्या नोव्हेंबरात भर दुपारी बारा वाजता भाच्याचा फोन आला. तो असतो जर्मनीत स्टुटगार्टला, म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात.

“मामा, ब्रेक दाबलं तरी गाडी सरकायलीय. एबीएस नुसतं कटकट करायलंय. ब्रेकपॅड बघायला टाकू का गॅरेजला?”

“बर्फ पडलाय का?”

“नाही ओ.”

“पाऊस?”

“नाही. रस्ता कोरडा ठणठणीत आहे.”

“बाहेर किती डिग्री आहे?”

“तीन.”

“टायरचा फोटो टाक.”

फोटो आला आणि पॅडचा खर्च वाचला. जुनी घेतलेली पोर्शे केमन, ९८१ मालिकेतली, साधं २.७ लिटरचं इंजिन. आधीच्या मालकाने हौसेनं २० इंची अलॉय चढवलेले आणि त्यावर रुंद, चपटे, चिकट उन्हाळी टायर. ब्रेकला काहीच झालं नव्हतं. रबराला थंडी वाजत होती.

आता सोलापुरात टायर-अलाइनमेंटचं दुकान चालवणाऱ्या माणसानं जर्मनीतल्या थंडीवर बोलावं का, हा प्रश्न रास्त आहे. मी जन्मात बर्फ पाहिला तो रसवंतीवर. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, तेव्हा रबर काय काय नखरे करतं ते रोज बघतो. थंडीतला प्रश्न तोच आहे, उलटा करून ठेवलेला. शिवाय भाच्यासाठी तीन आठवडे कागदपत्रं, खुणा आणि मापं चाळली, तेव्हा तिकडची पोरंही त्याच त्याच चुका करतात हे कळलं. तुमचाही कुणी तिकडे असेल आणि पहिल्याच पगारवाढीला वेगवान गाडी घेऊन बसला असेल, तर त्याला हे पाठवा.

“बर्फ पडला की बघू”

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती नावामुळे होते. ‘हिवाळी टायर’ म्हटलं की डोळ्यासमोर बर्फ येतो. खरा हिशेब बर्फाचा नाही, तापमानाचा आहे. ढोबळ आकडा ७ अंश. त्याच्या खाली पारा गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं, रस्ता कोरडा असला तरी.

गुळाची ढेप आठवा. मे महिन्यात हात लावला तर बोटाला चिकटते, संक्रांतीच्या पहाटे फोडायला बत्ता लागतो. गूळ तोच. स्पोर्ट्स कारच्या उन्हाळी टायरचा मसाला मुद्दाम असा बनवतात की तापल्यावर तो डांबराला चिकटावा. तेच रबर तीन डिग्रीत ढेपेसारखं होतं. रेसट्रॅकसाठी बनवलेल्या काही टायरबाबत तर कंपन्या स्पष्ट सांगतात की कडाक्याच्या थंडीत गाडी हलवूही नका, रबराला तडे जाऊ शकतात. म्हणजे गाडी जेवढी वेगवान, तेवढा तिचा उन्हाळी टायर थंडीत जास्त निकामी. साध्या हॅचबॅकवाल्याचं एखाद वेळी निभावून जाईल, केमनवाल्याचं नाही.

हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका, म्हणजे वाळूच्या जातीची पूड, भरपूर असते, त्यामुळे ते थंडीतही लवचीक राहतं. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. ठोकळा दबला की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा रस्ता पकडतात. बर्फात आणखी एक गंमत होते. खाचांमध्ये बर्फ भरून बसतो, आणि तो भरलेला बर्फच रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. आपण चिखल अडकला की टायर गेला म्हणतो, तिथे बर्फ अडकला तर बरं.

जर्मनीत सोपी म्हण आहे, ‘ओ ते ओ’. ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. कायद्यात मात्र अशा तारखा नाहीत. रस्त्यावर बर्फ, गोठलेलं पाणी किंवा चिखल-बर्फ असेल तर हिवाळी टायर हवेतच, एवढं तो म्हणतो. नसतील तर ६० युरो दंड आणि ड्रायव्हरच्या खात्यावर दोषाचा एक पॉइंट. पहिला बर्फ पडला की टायरवाल्यांकडे अशी झुंबड उडते की वेळ मिळत नाही. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पार्किंग शोधल्यासारखं.

याची उलटी चूक माझ्या दुकानात आली होती. एक गिऱ्हाईक मोठ्या जर्मन सेडानला स्वस्तात मिळालेले चार टायर घेऊन आलं. नक्षी भरपूर, रबर मऊ, बाजूला डोंगर आणि त्यात हिमकणाची खूण. “बघा कसला मऊ आहे, एकदम आरामात चालंल.” मी नको म्हणालो, त्यांनी दुसरीकडून बसवून घेतले. आपल्याकडे मे महिन्यात डांबर साठ अंशांच्या पुढे तापतं. त्या मऊ ठोकळ्यांची तिथे नुसती लादी पुसल्यागत घसाघस झाली. पावसाळ्याआधीच टायरचे खांदे, म्हणजे नक्षीच्या दोन्ही कडा गेल्या, आणि ब्रेक लांब लागतो ही तक्रार वेगळी. तो टायर वाईट नव्हता. गाव चुकलं होतं.

“चाकं तीच २० इंची पाहिजेत, नाहीतर गाडी भिकार दिसते”

हे वाक्य भाच्याचंच. इथे आमचं दोन दिवस भांडण चाललं.

गाडीच्या पुस्तकात तीन मापं मान्य आहेत. पुढच्या चाकाचं बघू : २० इंचाला २३५/३५, १९ ला २३५/४० आणि १८ ला २३५/४५. रुंदी तीच, २३५ मिलिमीटर. दुसरा आकडा म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरची उंची, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतचं रबर. २० इंचाला ते साधारण ८२ मिलिमीटर भरतं, १८ ला १०६. पूर्ण चाकाचा व्यास २० इंचात सुमारे ६७२ आणि १८ इंचात ६६९. म्हणजे गाडीची उंची आणि स्पीडोमीटर जवळपास जिथल्या तिथे, पण रिम आणि खड्ड्याच्या मध्ये जवळपास अडीच सेंटिमीटर जास्त रबर. बर्फाखाली खड्डा दिसत नाही, फुटपाथची कड दिसत नाही. खड्ड्यात रिम वाकवलेल्या सोलापूरकराला हे समजावायला लागत नाही.

त्यात १८ चा हिवाळी टायर स्वस्त पडतो आणि मिळतोही सहज. काही गाड्यांना लहान मापात टायर अरुंदही मिळतो, त्याचाही फायदा : अतिरुंद टायर चिखल-बर्फावर तरंगतो, अरुंद टायर त्याच वजनानं तो कापून खाली रस्त्याला भिडतो. म्हणून पुस्तकात मान्य असलेलं सगळ्यात लहान माप घ्या, हिवाळ्यात तेच बरं. दिसण्याचं काय? डिसेंबरात तिकडे साडेचारला अंधार पडतो, असं त्याला सांगितलं. तो हसला, पण पटलं.

एक अट मात्र आहे. रिम लहान केलं की ते ब्रेकच्या कॅलिपरवर, म्हणजे पॅड दाबणाऱ्या जबड्यावर, घासू शकतं. जास्त ताकदीच्या मॉडेलला किंवा सिरॅमिक ब्रेकच्या गाडीला मोठे ब्रेक असतात, तिथे १८ इंची बसेलच असं नाही. धाकट्या मॉडेलला बसलं म्हणून थोरल्याला बसतं, हे गृहीत धरू नका. तिकडे कागदाचा मामला कडक आहे. गाडीच्या कागदांत नसलेलं माप लावलं तर मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर तपासणीत आणि विम्यात अडकाल.

“बोल्ट बसले म्हणजे चाक बसलं”

ही चूक मी सोलापुरात महिन्यातून एकदा तरी बघतो. पोर्शेला पाच बोल्ट, १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर, मधलं भोक ७१.६. बऱ्याचशा ऑडी-मर्सिडीजना पाच बोल्ट ११२ वर. एवढं सगळे बघतात. पुढचं बघत नाहीत.

पहिली गोष्ट, मधलं भोक. बाजारातल्या रिमचं भोक अनेकदा मोठं असतं, म्हणजे एकच रिम दहा गाड्यांना विकता येतं. मग रिम हबवर, म्हणजे चाक बसायच्या मधल्या गोल बैठकीवर, न बसता बोल्टवर लटकतं आणि शंभरच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मधे नेमक्या मापाची रिंग घाला, थरथर जाते. दुसरी, रिम आत किती आणि बाहेर किती बसतं त्याचा आकडा, ‘ईटी’. आकडा दहानं कमी झाला की चाक दहा मिलिमीटर बाहेर येतं. तेवढ्यात मडगार्डला घासतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात घातक, बोल्टची बैठक. पोर्शेच्या मूळ रिमला बोल्टचा खांदा गोलाकार लागतो, बाजारातल्या बऱ्याच रिमना तिरका शंकूसारखा. दोन्ही सारखेच आवळले जातात, पाना ‘टक्’ करतो, पण आत टेकण असतं नुसत्या एका कडेवर. असा बोल्ट हळूहळू सैल होतो. रिम विकणाऱ्याला तोंडावर विचारा, बोल्ट कुठले. “तुमचेच चालतील की” असं पटकन आलं, तर दुसरीकडे जा.

बाजूच्या भिंतीवरचं न वाचणं

टायरच्या भिंतीवर सगळी कुंडली लिहिलेली असते, वाचत कुणी नाही.

‘एम+एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ. ती खूण कंपनी स्वतःच टाकते, त्यासाठी कसोटी द्यावी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण ही खूण मात्र बर्फावरच्या चाचणीनंतर मिळते. जर्मनीत नुसत्या एम+एसला आधी चालवून घेत, ऑक्टोबर २०२४ पासून तेही बंद. डोंगराची खूण असलेले बारमाही टायर कायद्याला चालतात. रोजच्या साध्या गाडीला ठीक, पण स्पोर्ट्स कारला मला तो मधलाच प्रकार वाटतो, ना धड भाकरी ना धड चपाती.

भाचा एकदा जुन्या सेटवर भुलला होता. “नक्षी आठ मिलिमीटर आहे मामा, वापरलेलेच नाहीत.” मी टायरच्या भिंतीवरच्या ‘डॉट’ कोडचे शेवटचे चार आकडे वाचायला सांगितले. ४८१४. म्हणजे २०१४ सालचा ४८ वा आठवडा. दहा वर्षं नुसतं पडून रबर वाळलेलं. मऊपणासाठीच घ्यायचा टायर तो, वाळला की उरलं काय? नक्षी जगली, मसाला मेला. कायद्याची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण बर्फात चारच्या खाली गेलेला टायर तिकडची जाणती माणसं बदलतात. शेजारच्या ऑस्ट्रियात तर हिवाळी टायरला चारच किमान आहे.

मग स्पीडचं अक्षर. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत, व्ही २४०, डब्ल्यू २७०. ही गाडी २६० च्या वर पळते, आणि व्ही टायर तिच्या मापात सहज मिळतो. तो चालतो, फक्त ड्रायव्हरच्या नजरेसमोर ‘२४०’ चं स्टिकर लावायचं आणि ते पाळायचं. स्पीडचं अक्षर हिवाळी टायरला खाली आलेलं चालतं, वजनाचा आकडा, म्हणजे टायर किती भार पेलतो तो, खाली आलेला चालत नाही. पोर्शेनं तपासलेल्या टायरवर ‘एन’ आणि पुढे अंक असतो. मिळाला तर तो घ्या. चारही चाकांना एकाच बनावटीचे टायर घ्या.

“गाडी मागून ढकलते, मागचे दोनच बदलू”

नको. थांबायला आणि वळायला पुढची चाकं लागतात. मागे पकड, पुढे नाही, तर वळणावर गाडी सरळ निघून जाते. पुढे पकड, मागे नाही, तर बूड पुढे येतं. स्टुटगार्ट वाटीसारखं खोलगट गाव आहे, घराला जायचं म्हणजे घाटच चढायचा. चार म्हणजे चार.

चकचकीत, कापीव पृष्ठभागाचे अलॉयही हिवाळ्याला घेऊ नका. रस्त्यावर मीठ टाकतात. लॅकरला एक बारीक टवका उडाला की मीठ आत शिरतं आणि पांढऱ्या अळ्यांसारखी नक्षी उमटते. साधा, पूर्ण रंगवलेला रिम घ्या. तो धुवायलाही सोपा.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

भाच्यानं शेवटी १८ इंची सेट घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू.

“स्टिअरिंग मऊ झालंय.” होणारच. भिंत उंच, ठोकळे लवचीक. पहिले काहीशे किलोमीटर नव्या टायरचा वरचा थर जाईपर्यंत सबुरीनं चालव.

“हवेचा पिवळा दिवा लागलाय.” इथे दोन कारणं. एक, नव्या रिममध्ये हवा मोजणारे सेन्सर आहेत का आणि गाडीला नवा सेट सांगितलाय का. सेन्सरशिवाय सेट घेतला तर दिवा सगळा हिवाळा छळतो. दोन, हवा खरंच कमी झालीय. दर दहा अंशांना साधारण ०.१ बार, म्हणजे दीड पीएसआय उतरते. उबदार गॅरेजात २० अंशांवर भरलेली हवा उणे पाचला जवळपास साडेतीन पीएसआयनं कमी. पंक्चर शोधत बसू नका. पहाटे, गाडी हलवायच्या आधी मोजा आणि दाराच्या खांबावरच्या आकड्याला आणा. इकडे मे महिन्यात लोक उलटं करतात. पुण्याहून तापून आलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून सोडून देतात.

“नव्वदला थरथर येतेय.” बॅलन्सिंगला पळायच्या आधी चाक काढून हबचा गंज तारेच्या ब्रशनं घासायला सांगितलं. गंजाचा एक पापुद्रा मधे राहिला तरी चाक वाकडं बसतं. त्याचं तेच निघालं. चाक परत बसवताना टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरवलेल्या जोरालाच आवळणाऱ्या पान्यानं, पुस्तकातल्या आकड्याला आवळायचं, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. एअर गननं घर्रर्र करून सोडून देतात ते मला इकडेही खपत नाही.

उतरवलेली २० इंची चाकं त्यानं तळघरात एकावर एक रचली. कुठलं चाक कुठलं ते खडूनं लिहून ठेव, असं सांगितलं होतं. केमनची पुढची-मागची मापं वेगळी, आणि नक्षीला फिरण्याची दिशा असेल तर डावं-उजवंही बदलत नाही. त्यानं लिहिलं. ईस्टरनंतर सेट घेऊन गॅरेजला गेला, तर तिथला मेकॅनिक चारी टायर फिरवून फिरवून बघत होता. भाच्यानं देवनागरीत लिहिलं होतं : पु. डा., पु. उ., मा. डा., मा. उ.