स्प्रिंगची एअरगन घेतलीय? मग या चुका टाळा

2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक घेतलं आणि नाशिकमध्ये माझ्याकडे एअरगनच्या चौकशा वाढल्या. त्याची स्पर्धा 50 मीटरची, रायफल काडतुसाची, हे सांगून तोंड दुखलं. 10 मीटरच्या एअर रायफल स्पर्धेतही आता सगळे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेच्या रायफली (पीसीपी) वापरतात. तरी स्प्रिंगगनचे वेडे काही कमी होत नाहीत. सिलिंडर नको, पंप नको; नळी खाली मोडून स्प्रिंग ताणा, छर्रा घाला, नळी बंद करा, मारा. पण एवढी साधी दिसते म्हणूनच लोक तिला बेफिकिरीने वापरतात.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे रिकामी मारणं. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार बंदूक घेऊन आले. "फुसकी झाली हो, सहा महिन्यांत." उघडली तर स्प्रिंगचे दोन तुकडे, पिस्टनचं सील कडेने कुरतडल्यासारखं. विचारलं, छर्रे कोणते वापरता? तर म्हणाले, "छर्रा कशाला? नुसत्या आवाजानं पाखरं उडतात ना!" रोज सकाळ-संध्याकाळ बागेत उभं राहून रिकामे बार काढत होते.

ट्रिगर ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते. पुढे छर्रा अडलेला असेल तर हवा कोंडते, आणि त्या कोंडलेल्या हवेची गादी पिस्टनला शेवटच्या क्षणी झेलते. छर्राच नसेल तर हवा सुळकन निघून जाते आणि पिस्टन थेट सिलिंडरच्या टोकावर आपटतो. दुकानात "बघू ट्रिगर कसा आहे" म्हणून रिकामी मारणारेही हेच करतात. मी तर कुणाच्या हातात बंदूक देतानाच आत छर्रा घालून देतो आणि समोर टार्गेट असेल तरच देतो.

त्या काकांना मी जाळी लावायला सांगितलं. पाखरांवर छर्रा मारायचा विचारही नको, 1972 चा वन्यजीव कायदा आहे. शिवाय महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), नांदूर मध्यमेश्वर, त्यांच्याच तालुक्यात आहे.

दुसरी लाडकी चूक: घट्ट आवळून धरणं. सिनेमा बघून आलेला प्रत्येक जण दस्ता खांद्यात रुतवतो, पुढची मूठ करकचून आवळतो आणि मग म्हणतो, "बंदूक वाकडी मारते." स्प्रिंगगनला दोन झटके असतात. पिस्टन पुढे निघाला की बंदूक मागे येते, पिस्टन थांबला की पुढे जाते. छर्रा अजून नळीतच असतो तेव्हा हे नाचकाम सुरू झालेलं असतं. ते थांबवता येत नाही. दर वेळी सारखं होऊ द्यायचं, एवढंच आपल्या हातात. म्हणून पुढचा लाकडी भाग उघड्या तळहातावर नुसता ठेवायचा, बोटं मिटायची नाहीत, खांद्याला दस्ता टेकेल इतकाच. हाताची जागा दर वेळी तीच. मी लाकडावर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. वीट, टेबलाची कड किंवा गाडीचं बॉनेट यांवर थेट टेकवून मारलं तर ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा छर्र्यांचा पुंजका, दुसरीकडेच जातो. टेकवायचीच असेल तर मध्ये आपला तळहात हवा. हे अंगवळणी पडायला महिने लागतात. ज्यांना आठवड्यात निकाल हवा, त्यांनी खुशाल पीसीपी घ्यावी.

नळीत किंवा हवेच्या छिद्रात तेल सोडू नका. दाबलेली हवा भयंकर तापते, तेल पेट घेतं, धूर आणि कडाड् आवाज येतो. पोरांना वाटतं पॉवर वाढली. वाढते ती सीलची झीज. नवी बंदूक मात्र कारखान्यातल्या ग्रीसमुळे सुरुवातीला थोडी धुरकटते, ती धुरकटू द्या. युट्यूबवरचं 'ट्यूनिंग' तोवर लांब ठेवा.

ताणून ठेवून चहा प्यायला जाऊ नका, स्प्रिंग बसते. लोखंडी गोळ्या अजिबात नकोत, नळीतले आटे खातात. मारलेला छर्रा उचलून पुन्हा घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

दुर्बीण एअरगनसाठी बनवलेलीच घ्या. मोठ्या रायफलीची महागडी दुर्बीण मागच्या झटक्यासाठी बांधलेली असते, आपल्या पुढच्या झटक्याने तिच्या आतली नेम धरायची तार (क्रॉसहेअर) सुटते. आणि ग्रुप अचानक बिघडला तर दुर्बिणीला शिव्या घालण्याआधी दस्त्याचे स्क्रू तपासा. बहुतेक वेळा तेच ढिले असतात.

छर्रा घालताना उघडलेली नळी दुसऱ्या हाताने धरूनच ठेवायची. ट्रिगर सुटला तर नळी फाडकन जागेवर येते आणि अंगठा नेमका मध्ये असतो. "सेफ्टी लावलीय ना" म्हणणाऱ्याला मी माझी बंदूक देत नाही.