एन्जिनएक्सचे वापरकर्ता खाते बदलताना

एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची मुख्य प्रक्रिया साधारणपणे रूट (सर्वाधिकार असलेले खाते) म्हणून सुरू होते, कारण वेबवरील विनंत्या जिथे येतात ते 80 आणि 443 हे पोर्ट उघडण्यासाठी तिला विशेषाधिकार लागतात. प्रत्यक्ष विनंत्या हाताळणाऱ्या वर्कर प्रक्रिया मात्र कमी अधिकारांच्या खात्याखाली चालतात. आपल्याला बदलायचे आहे ते हेच दुसरे खाते.

प्रथम लॉगिन करता न येणारे नवे सिस्टिम खाते तयार करावे. त्यानंतर मुख्य कॉन्फिगरेशन फाइलची प्रत काढून ठेवावी आणि तिच्या सुरुवातीच्या 'user' (युजर) या ओळीत नव्या खात्याचे नाव लिहावे.

खरी काळजी परवानग्यांची घ्यावी लागते. नव्या खात्याला फाइल वाचता येणे पुरेसे नसते. त्या फाइलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरमध्ये प्रवेशाची परवानगीही असावी लागते, अन्यथा सर्व्हर 403 (प्रवेश नाकारला) ही त्रुटी देतो. अशा वेळी घाईने 777 परवानगी (सर्वांना वाचण्याची, लिहिण्याची आणि चालवण्याची मुभा) देणे घातक आहे, कारण मग त्या यंत्रावरील कोणतेही खाते तुमच्या फाइल बदलू शकते. संपूर्ण कोडची मालकी नव्या खात्याकडे सोपवणेही मला अयोग्य वाटते. लिहिण्याचा अधिकार अपलोड आणि कॅशच्या फोल्डरपुरताच ठेवावा. पीएचपी-एफपीएम (पीएचपी कोड चालवणारी वेगळी सेवा) वापरत असल्यास त्याचे खाते स्वतंत्रपणे ठरवलेले असते, आणि त्याचे सॉकेट (एन्जिनएक्स ज्यातून त्याच्याशी संपर्क साधते तो दुवा) नव्या खात्याला वापरता येते का, हे आवर्जून पाहावे.

शेवटी कॉन्फिगरेशनची चाचणी घेऊन सर्व्हर रीस्टार्ट करावा, प्रक्रियांच्या यादीत वर्करसमोर नवे नाव दिसते का ते तपासावे आणि त्रुटींच्या लॉगवर काही वेळ लक्ष ठेवावे.